एक फेरा, आयडलर आणि वाकलेले दोन पुशरॉड

गेले दोन आठवडे इंदूरच्या गॅरेजवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. डिझेल इंजिनचं गिअर टाइमिंग, म्हणजे पिस्टनला जोडलेला क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांचा गिअरनी राखलेला मेळ, पाच मिनिटांत तपासा म्हणे. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्यात. गिअरचं टाइमिंग कधी सरकतच नाही. ओव्हरहॉलनंतर क्रँक एक पूर्ण फेरा फिरवा, गिअरवरच्या खुणा परत जुळल्या नाहीत तर आयडलर, म्हणजे क्रँक आणि कॅममधला जोडगिअर, काढून जुळवून घ्या. इंजिन चालू झालं म्हणजे टाइमिंग बरोबर. आणि धूर काळा येत असेल तर डिझेलचा पंप ढिला करून आवाज गोड होईपर्यंत फिरवा.

मी पाहिला नि सोडून दिला. असल्यांना उत्तरं देत बसलो तर गॅरेज कोण चालवणार? पण मंगळवारी रात्री भाच्याचा फोन आला. सांवेर रोडला त्याची दालमिल आहे. "मामा, जनरेटरचं इंजिन जाम झालंय. मिस्त्री म्हणतो टाइमिंग चुकलेलं होतं."

जाऊन पाहिलं. चार सिलिंडरचं इंजिन, नुकतंच बांधलेलं, पुढचं कव्हर उघडं. मिस्त्रीने खुणा बरोबर लावल्या होत्या. मग व्हिडिओ आठवून क्रँक एक फेरा फिरवला आणि खुणा गायब. त्याने आयडलर काढला, कॅमच्या नटावर पाना घातला. फिरेना, म्हणून पान्याला पाइप लावला! "भिया, मोबाइल में तो ऐसाच बताया था." रॉकर कव्हर उघडलं तर एक नंबरचा इनलेटचा आणि चार नंबरचा एक्झॉस्टचा पुशरॉड (कॅमचा धक्का व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरपर्यंत नेणारी दांडी) धनुष्यासारखा वाकलेला. वाकणारच. क्रँक टीडीसीवर, म्हणजे एक आणि चारचे पिस्टन अगदी वर. तशात एकटा कॅम अर्धा फेरा फिरवला की व्हॉल्व्ह खाली उतरणार आणि पिस्टनच्या डोक्यावर आपटणार.

फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक होतो. हे आयटीआयच्या पोरालाही ठाऊक असतं. एका फेऱ्यानंतर कॅमची खूण बरोबर उलट्या बाजूला असते, असायलाच हवी. ती जुळली असती तरच मी घाबरलो असतो.

बरं, दोन फेरे केले तर? तरीही आयडलरची खूण परत येईलच असं नाही. मिस्त्रीला पटेना, म्हणून खडू घेऊन दात मोजले. क्रँकला ३०, आयडलरला ४७, कॅमला आणि पंपाला ६०. क्रँकचे दोन फेरे म्हणजे ६० दात सरकले, तेवढ्यात आयडलरचा एक फेरा होऊन वर १३ दात झाले. सगळ्या खुणा पुन्हा एका जागी यायला क्रँकचे ९४ फेरे लागतात. वाकलेले पुशरॉड काढले, नोझल काढलेलेच होते, गिअर खुणांवर बसवले आणि मिलमधल्या पोराला पाना दिला. तो फिरवतोय, भाचा शटरवर खडूने रेघा ओढतोय. ९३व्या रेघेला मिस्त्री म्हणाला, राहू द्या. ९४व्याला तिन्ही ठिकाणचे ठिपके समोरासमोर. ह्याच इंजिनच्या कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल मिलच्या कपाटात पिशवीत पडलं होतं. आयडलरच्या खुणा फक्त बसवताना बघायच्या, नंतर दर टीडीसीला त्या जुळणार नाहीत, असं त्यात सरळ लिहिलंय.

व्हिडिओवाल्याच्या बाजूने एवढंच म्हणेन, की खुणा लवकर परत येणारी इंजिनंही असतात. कमिन्सच्या बी सिरीजमध्ये क्रँकचा गिअर थेट कॅमच्या गिअरला भिडतो, मध्ये आयडलर नाही, म्हणून तिथे खुणा परत येतात. पण तिथेही दोन फेऱ्यांनी. एका नाही.

मग तपासायचं कसं? एक नंबर कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे पिस्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असे, आणा आणि चार नंबरचे रॉकर बघा. क्रँक जरा मागेपुढे केला की एक मिटतोय, दुसरा उघडतोय, तराजूच्या पारड्यांसारखं दिसलं पाहिजे. सहा सिलिंडरला सहा नंबर बघायचा. एवढ्यावर समाधान नसेल तर एक नंबरच्या इनलेटला बारीक हालचाल मोजणारा डायल गेज लावा आणि व्हॉल्व्ह उचलायला लागतो ते अंश मॅन्युअलशी ताडून पाहा. ३० दातांच्या क्रँकवर एक दात म्हणजे १२ अंश. डायलवर ते लपत नाही.

आणि म्हणूनच 'चालू झालं म्हणजे बरोबर' हेही खोटं. एक दात चुकलेलं इंजिन चालूही होऊ शकतं, फक्त ओढ कमी, ताप जास्त. गिअर सरकत नाहीत हे मात्र बरंचसं खरं, बेल्ट-चेनसारखे ते ताणले जात नाहीत. पण आयडलरचं बुश झिजतं, गिअर शाफ्टवर धरून ठेवणारी चावी तुटते, आणि बांधणारा माणूस चुकतो. बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, डायलने बघायला किती वेळ लागतो?

राहिला गोड आवाज. पंप मागे नेला, म्हणजे इंजेक्शन उशिरा केलं, की इंजिनची टकटक कमी होते, आवाज मऊ होतो. आणि उशिरा जळालेल्या डिझेलचा धूर वाढतो. म्हणजे कानाला गोड लागेपर्यंत फिरवलं की काळा धूर आणखी काळा! पंपाचं टाइमिंग स्पिलने, म्हणजे पंपातून डिझेल वाहायचं थांबतं तो क्षण बघून, लावायचं, पुढचा मागचा अंदाज नको. आणि दालमिलमध्ये काळा धूर आला तर आधी एअर फिल्टर काढून झटकून बघा. भाच्याच्या फिल्टरमधून वाटीभर तुरीचा भुसा निघाला.