आरी वर्कच्या ब्लाउजबद्दलच्या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

ताई, नमस्कार. तुमचा रिव्ह्यू रात्री दुकान बंद करताना वाचला. फोटो मोठे करून पाहिले, दुसऱ्या दिवशी कारागिरांनाही दाखवले. त्यामुळे उत्तराला दोन दिवस लागले.

तुमचं म्हणणं असं: ब्लाउज दोन दिवस उशिरा मिळाला, पहिल्यांदा घातला आणि डाव्या बाहीचे मणी ओळीने गळाले, पाठीवरच्या टिकल्या वाकल्या. आणि एवढं होऊन ६,८०० रुपये घेणं ही लूट आहे, कारण जाऊबाईंचा कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीचा ब्लाउज १,५०० रुपयांत झाला आणि त्याचा एक धागाही निघालेला नाही.

उशिराबद्दल सबब सांगत नाही. आमचे एक कारागीर बिहारचे, छटपूजेला गावी जातात. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते हेही मला दरवर्षीच माहीत असतं. तरी ऑर्डरी जास्त घेतल्या. हळदीच्या आदल्या संध्याकाळी तुम्हाला दुकानात तिष्ठत बसावं लागलं, माफ करा.

मण्यांची चूक आमचीच आहे. ती कशी झाली ते सांगते, म्हणजे दुरुस्ती टिकेल का हा प्रश्न तुम्हाला पडणार नाही. आरीच्या कामात कापड खाटल्यावर, म्हणजे लाकडी चौकटीवर, ताणून बांधतात आणि दोरा कापडाच्या खालच्या बाजूला धरतात. आकड्याच्या सुईवर मणी चढवायचा, सुई खाली घालायची, दोऱ्याचा फासा मण्यातून वर ओढायचा आणि पुढचा फासा त्यात अडकवायचा. म्हणजे सगळी ओळ ही एकच साखळी. शेवटच्या फाशाला उलट्या बाजूने पक्की गाठ मारली नाही, तर विणलेला स्वेटर उसवावा तशी ती सरसर निघते. तुमच्या फोटोत मणी इकडचा एक, तिकडचा एक असे गेलेले नाहीत. बाहीच्या काठापासून वर चार बोटं सलग ओळ रिकामी आहे. गाठ राहिल्याशिवाय असं होत नाही. अस्तर लागण्याआधी उलटी बाजू तपासणं माझं काम, घाईत ते राहिलं.

जाऊबाईंच्या ब्लाउजचंही तुम्ही खरं लिहिलंय. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांना पकडून असतात, एका ठिकाणी तुटला तरी सगळी ओळ सुटत नाही. या बाबतीत मशीन आमच्या वरचढ आहे, हे मी गिऱ्हाइकांना स्वतःहून सांगते. पण तुम्ही गळ्याला मोराची जी नक्षी निवडलीत, त्याच्या पिसाऱ्यात डबका आहे. डबका म्हणजे बारीक स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार. तिचे नक्षीच्या मापाचे तुकडे कापून एकेक तुकडा साध्या सुईने ओवून बसवावा लागतो. तुमच्या ब्लाउजवर दोघं जण तीन दिवस बसले. त्यांची मजुरी ४,२००, सामान १,१००, शिलाई ९००. राहिलेल्या ६०० मध्ये दुकानाचं भाडं आणि मी. याला लूट म्हणायचं का, ते तुम्ही ठरवा.

टिकल्यांचं मात्र मी मान्य करणार नाही. वाकलेल्या टिकल्या सगळ्या पाठीच्या उजव्या बाजूला, एका पट्ट्यात आहेत, आणि पट्टा वर निमुळता होत जातो. ताई, ही इस्त्री आहे. घरी फिरली की लाँड्रीत, मला माहीत नाही. टिकली प्लॅस्टिकची, गरम इस्त्री थेट लागली की ती कडेने वळणारच. (१९३० च्या सुमारास परदेशात टिकल्या जिलेटिनच्याही करत. त्या ओलाव्याने विरघळायच्या. आपल्या श्रावणात एक सणही निघाला नसता!) ब्लाउज उलटा करून, वर सुती कापड टाकून, कमी तापमानावर इस्त्री करायची हे ब्लाउज देताना मी तोंडी सांगितलं होतं. पण लग्नाच्या गडबडीत कोणाच्या लक्षात राहणार? आता प्रत्येक ब्लाउजसोबत चिठ्ठी देतोय. त्यात हेही लिहिलंय की अत्तर थेट जरीवर मारू नका आणि ड्रायक्लीनिंगला देताना मोत्यांचं काम आहे हे आवर्जून सांगा, काही द्रावणांनी मोत्यांवरचा मुलामा निघतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण फोटोत दिसली. डाव्या खांद्यावर आम्ही कटदाणा, म्हणजे कापलेल्या काचेचे मणी, भरलाय, आणि पदराची पिन तिथेच लागते. कटदाण्याच्या कडा धारदार असतात. आज ना उद्या तुमच्या पैठणीच्या पदराचे धागे ओढले जातील. नक्षी ठरवतानाच हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तेवढा भाग काढून गोल मणी लावून देते.

तर बाही आणि खांदा आमच्या खर्चाने. दोन्ही बाह्यांचं अस्तर उसवून प्रत्येक ओळीची गाठ पुन्हा तपासू. टिकल्या बदलायची मजुरी घेणार नाही, सामानाचे १५० रुपये घेईन. चार दिवस लागतील, यावेळी खरोखर चारच. रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही, राहू दे.

सोमवार सोडून केव्हाही या. आणि गळलेले मणी कोणी वेचून ठेवले असतील तर पुडीत बांधून आणा. त्या रंगाची माळ आमच्याकडची संपली आहे, आणि नव्या मालात तो मोरपिशी थोडा फिका आलाय.