उन्हाची वाटणी

लातुरात उन्हाची टंचाई आहे, असे कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकिवात नाही. टंचाई पाण्याची, ती इतकी, की २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि आमचे गाव देशभरच्या बातम्यांत झळकले. ऊन मात्र चैत्र लागला की सकाळी आठपासूनच दारात येऊन बसते. तरीही गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात भाऊबंदकी झाली ती उन्हावरून, आणि प्रतिवादी होती माझी आई.

निमित्त विजेच्या बिलाचे झाले. आमचे घर सिमेंटच्या स्लॅबचे आहे आणि हा स्लॅब मोठा प्रामाणिक आहे. दिवसभर घेतलेली उष्णता तो रात्री व्याजासकट परत करतो. बिल कमी करण्यासाठी मी आधी सगळे दिवे एलईडीचे केले, पंचाहत्तर वॉटचे पंखे काढून तीस वॉटचे बसवले आणि रिकाम्या खोलीतला दिवा कोणी चालू ठेवला याची रोज चौकशी करून मुलांचा रोष ओढवून घेतला. एवढे करूनही बिल म्हणावे तसे उतरेना. तशात २०२४ च्या फेब्रुवारीत प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली; गच्चीवर सौर वीज तयार करणाऱ्या तीन किलोवॉटच्या संचाला अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान मिळते हे वाचल्यावर मला रात्री झोप लागेना. (झोप तशीही लागत नव्हती, स्लॅबमुळे.)

सोलार बसवणाऱ्याने गच्ची मोजली आणि सांगितले, "तीनशे चौरस फूट जागा लागेल आणि तिथे सावली नको." मी तत्काळ होकार दिला. आईला विचारावे, हे माझ्या मनातही आले नाही. घर कागदोपत्री माझ्या नावावर असले, तरी गच्चीची पंचवीस वर्षांची वहिवाट तिची होती. कुरडया, पापड्या, खारोड्या, सांडगे, शेवया, वर्षाची मिरची, हळद हे सगळे त्याच तीनशे फुटांवर वाळत आले होते. दक्षिणेकडे तोंड करून सहा पॅनेल उभी राहिली, तेव्हा ती जिन्यात उभी राहून बराच वेळ बघत होती. शेवटी एवढेच म्हणाली, "चांगल्या पाट्या हायेत. ऊन मात्र सगळं खाऊन टाकायल्यात."

पुढचे दोन महिने मी मोबाइलवर जगलो. संचासोबत आलेल्या अॅपमध्ये या क्षणी किती वीज तयार होत आहे, याचा आलेख दिसतो. तो सकाळी हळूहळू चढतो, दुपारी डोंगरासारखा होतो आणि संध्याकाळी उतरतो. दिवसाचे बारा युनिट झाले की मला वेतनवाढ झाल्यासारखे वाटे. ढग आला की जीव खाली-वर होई. मराठवाड्यात जन्मून ढगाला शिव्या देणारा मी पहिलाच असेन. एप्रिलमध्ये तर वेगळेच कळले. पॅनेलची क्षमता पंचवीस अंश तापमानाला मोजलेली असते आणि काच त्याहून तापत गेली, की उत्पादन घटत जाते. म्हणजे आमचे ऊन सोलारलासुद्धा सोसेनासे झाले होते.

त्यात धुळीची भर. पंधरा दिवसांतून एकदा काच पुसली नाही, तर वीज कमी होते. पहिल्यांदा मी नळाखाली बादली लावली, तेव्हा आईने काही न बोलता ती उचलून बाजूला ठेवली. रेल्वेच्या पाण्याच्या वर्षी ती घागर घेऊन तासन्‌तास रांगेत उभी राहिलेली आहे. तिच्यासमोर काच धुवायला पाणी मागण्याची माझी छाती नव्हती. मग शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी साठवून वापरले, तर त्यातल्या क्षारांचे पांढरे डाग काचेवर उमटले. अखेर पहाटे सहा वाजता, काच थंड असताना, ओल्या फडक्याने पुसायचे ठरले. ते काम अर्थातच माझ्याकडे आले.

आणि मग कुरडयांचे दिवस आले. तीन दिवस गहू भिजले, चीक निघाला, अंगणभर आंबूस वास सुटला. त्या दिवशी मी कार्यालयात होतो. साडेदहाला आलेख छान चढत होता. पावणेअकराला तो कड्यावरून ढकलून दिल्यासारखा कोसळला. आकाश निरभ्र होते. मी घाबरून तंत्रज्ञाला दूरध्वनी केला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घर गाठले.

गच्चीवर सहाही पॅनेलांवर आईची जुनी सुती लुगडी ताणून बसवलेली होती. टोके चौकटीला कपड्यांच्या चिमट्यांनी पक्की केली होती, आणि त्यांवर वरपासून खालपर्यंत पांढऱ्याशुभ्र कुरडयांच्या रांगा लागल्या होत्या. उतारावरून एकही घसरली नव्हती.

"आई, हे काय केलंस?"

"खाली सावली पडायली तुझ्या पाट्यांची. मग वर घातल्या. तू म्हणला होतास ना, हितंच सगळ्यात जास्त ऊन पडतंय म्हणून?"

तेवढ्यात तंत्रज्ञ जिना चढून आला. मला वाटले, तो तरी माझी बाजू घेईल. मी तडजोड म्हणून एक पॅनेल आईला द्यायला तयार झालो, पण त्याने मान हलवली. "काका, सगळी एका माळेत जोडलेली असतात. एकावर सावली पडली, तर फटका बाकीच्यांनाही बसू शकतो." मग तो कुरडयांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "पण आजी, ओळी काय सरळ घातल्यात!" आईने त्याला वाटीभर गरम चीक तूप-साखर घालून दिला. त्यानंतर त्याने तांत्रिक बाजू मांडली नाही.

आठ दिवसांसाठी गच्ची आईला सोडण्याचा करार झाला. त्या आठ दिवसांत अॅपमधला आलेख जमिनीला चिकटून होता आणि मी मोबाइल कपाटात ठेवला होता. नवव्या दिवशी आईने कुरडयांचा डबा माझ्यासमोर ठेवला, एक मोडून तिचा कडकडीत आवाज ऐकवला आणि म्हणाली, "दोन दिवसांचं वाळवण एका दिवसात झालंय बघ. धूळ नाही, मांजर नाही, वाकायचंबी काम नाही."

मी विजयी मुद्रेने म्हणालो, "मग? चांगली आहेत की नाही पॅनेल?"

"लई चांगली," ती म्हणाली. "आणखी चार बसव. शेवया राहिल्यात."