फक्त ३० रुपये जास्त!

धरमपेठेत भाच्याला बर्गर खायला नेलं की दर वेळी तेच. 'सर, फक्त ३० रुपये जास्त, लार्ज करून देऊ?' अरे बाप्पा, पोरगं नऊ वर्षांचं आहे! लहान मागितलं तर म्हणे कॉम्बोत बसत नाही. मग येते कोल्याची अर्ध्या लिटरची बाटली. तिच्यात साखर सुमारे ५० ग्रॅम, म्हणजे दहा चमचे! जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालासुद्धा दिवसाला शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. घरी ताई त्याला दुधात दुसरा चमचा घालू देत नाही. परवा पोट टम्म फुगलेलं, तरी शेवटचे घोट ढकलत होता. 'मामा, पैसे दिलेत ना!' बाटली हिसकावूनच घेतली मी.