इंडिकेटर भराभर लुकलुकतो म्हणजे वायरिंग जळतंय?

कारच्या इंडिकेटरला एलईडी बल्ब लावल्यावर तो दुप्पट वेगाने लुकलुकतो, म्हणजे वायरिंग जळू लागलं, असा मेसेज फिरतोय. तसं नाही. जुना बल्ब 21 वॅटचा, एलईडी जेमतेम काही वॅटचा. करंट इतका घटल्यावर फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या भागाला) बल्ब उडाल्यासारखं वाटतं आणि तो वेग वाढवून ड्रायव्हरला तसं कळवतो, एवढंच.

भीती बाळगायचीच तर लुकलुकण्याचा वेग पूर्ववत व्हावा म्हणून एलईडीसोबत जोडतात त्या 6 ओहमच्या रेझिस्टरची (जुन्या बल्बइतका करंट ओढणाऱ्या भागाची) बाळगा. इंडिकेटर चालू असताना तो चटका बसेल इतका तापतो. प्लास्टिकला किंवा वायरींना चिकटवू नका, पत्र्यावर स्क्रूने बसवा. (वाचवलेली वीज अर्थात तिथेच जाते!) फ्लॅशर हा सुटा, बदलता येणारा भाग (रिले) असेल, तर एलईडीला चालणारा बसवणं उत्तम.

गाडीच्या आतल्या दिव्याला लावलेला एलईडी लागत नसेल, तर तो उलटा बसवून पाहा; एलईडी एकाच दिशेने जोडल्यावर लागतो.