डाव्या हाताची बत्तिशी

लग्नपत्रिकेत सगळ्यात अवघड काय असतं, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन: 'आप्पासो.' नवरा-नवरी सोपी. ती दोनच असतात आणि त्यांच्या नावांवर वाद नसतो. खरा खेळ खाली, निमंत्रकांच्या यादीत. आमच्या खान्देशात माणूस नुसत्या नावाने छापला जात नाही. तो आप्पासो. असतो, आबासो. असतो, नानासो., दादासो., भाऊसो., बापूसो. असतो, आणि ज्याला अख्ख्या गावाने 'आबा' केलंय त्याला तुम्ही 'भाऊ' छापलंत तर तो मांडवात येतो, पण जेवत नाही.

अमळनेरात माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. एप्रिलचा महिना, बाहेर ४४ अंश, कूलर हवेपेक्षा आवाज जास्त फेकतोय, आणि टेबलावर सतरा पत्रिकांचे कागद, अशा मुहूर्तावर पुण्याचा भाचा आला. त्याने नवा गेमिंग कीपॅड घेतला होता, म्हणून जुना मला आणला. "मामा, तुमचं काम अर्ध्या वेळात होईल. फक्त इथे हे असलं कुणी पाहिलं नसेल." मी त्याला सांगितलं की बाबा रे, १९४५ साली याच गावात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याचीच पुढे विप्रो झाली, कंप्युटरच्या बाबतीत आम्हाला शिकवू नकोस. तो गप्प बसला. तेव्हाच कीपॅड परत दिला असता तर अब्रू राहिली असती.

वस्तू दिसायला झकास. डाव्या हाताचा पंजा टेकवायला काळी उशी, तिच्या पुढे ओळीने बटणं, अंगठ्यापाशी एक छोटी दांडी. सगळी धरून ३२. गेम खेळणारी पोरं डाव्या हाताने डब्ल्यू, ए, एस, डी या चार कळांवर माणूस पळवतात आणि उजव्या हातातल्या माउसने गोळ्या झाडतात, म्हणून हे यंत्र डाव्या हातासाठीच बनतं. बटणाने काय करायचं ते आपण शिकवायचं. पत्रिका मांडायच्या कोरेल या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल-जी म्हणजे ग्रुप, कंट्रोल-क्यू म्हणजे अक्षरांचे कर्व्ह, म्हणजे अक्षरांची चित्रं, एफ-४ दाबलं की मांडलेलं सगळं डोळ्यासमोर. हे सगळं एकेका बोटाखाली. बटणांच्या खालून उजेड पडतो, १ कोटी ६८ लाख रंगांत. माझ्या पत्रिका दोन रंगांत निघतात, कुंकवाच्या आणि हळदीच्या.

पहिल्याच दिवशी एक म्हातारबा आले. "हाई काय शे भाऊ?" मी बत्तीस बटणांचं महत्त्व सांगितलं. त्यांनी स्वतःच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाले, "मन्हापेक्षा जास्त शेतस." तेव्हापासून दुकानात त्याचं नाव बत्तिशी.

शॉर्टकटवर मन भरेना, म्हणून मी मॅक्रोकडे वळलो. मॅक्रो म्हणजे आपण एकदा टाइप करायचं, यंत्राने ते लक्षात ठेवायचं, आणि पुढे एका बटणात सगळं आपोआप उमटायचं. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' हे वाक्य मी हजारो वेळा बडवलं असेल. पहिला मॅक्रो त्याचाच. रेकॉर्डिंग सुरू केलं, 'आमचे येथे' लिहिलं, तेवढ्यात चहावाला पोऱ्या आला. कप घेतला, दोन घोट मारले, सुट्टे पैसे दिले, मग 'श्रीकृपेकरून' पूर्ण केलं. मला काय माहीत की हे यंत्र अक्षरांसोबत मधली थांबाथांबही इमानदारीने नोंदवतं! पुढे बटण दाबलं की पडद्यावर 'आमचे येथे' उमटायचं आणि पाऊण मिनिट सामसूम. यंत्र माझा चहा पीत असायचं.

दुसरी गंमत अशी की यंत्राला अक्षर कळत नाही, कळ कळते. त्यामुळे कीबोर्ड इंग्रजीवर राहिला असेल तर तेच बटण कॅपिटल ई, सी, अर्धविराम, एस असलं काहीतरी लिहून मोकळं व्हायचं. एका मारवाडी गिऱ्हाइकाने तो जीएसटी नंबर समजून टिपून घेतला.

तरी खरा घोळ वेगळाच होता. मी टाइप करतो इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर. त्या मांडणीत क, ग, च, त, प, र अशी बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. आणि स्वर, काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडायची कळ, हे सगळं डाव्याला. वर म, न आणि वसुद्धा डाव्यालाच. आता डावा हात तर बत्तिशीवर ऐटीत पसरलेला. उजवा बिचारा सवयीने धावत सुटला. मान वर करून बघतो तर 'शुभविवाह'चं 'शभह' झालेलं, आणि 'आग्रहाचे निमंत्रण'चं 'गरहच तर'. फोटो काढून भाच्याला पाठवला. त्याने विचारलं, "मामा, ही अहिराणी का?"

मग त्यानेच उपाय सुचवला: काना-मात्रा बत्तिशीवर घ्या. घेतल्या. स्वर घेतले, अनुस्वार घेतला, म-न-व घेतले. बटणं संपत आली तेव्हा लक्षात आलं की कीबोर्डचा डावा अर्धा भाग मी त्याच्याच शेजारी नव्याने बांधत होतो, आणि आप्पासो.ना बसायला जागा उरली नव्हती.

सगळं पुसलं आणि पुन्हा मांडलं. वरच्या ओळीत आप्पासो., आबासो., नानासो.; खाली दादासो., भाऊसो., बापूसो. बटणांवर नावं नसतात, म्हणून चिकटपट्टीचे तुकडे डकवून बॉलपेनने लिहिली. अमळनेरच्या उन्हाळ्यात बोटांना घाम किती येतो ते चिकटपट्टीला ठाऊक नव्हतं. चार दिवसांत आबासो. पुसट होऊन बाबासो. दिसायला लागले. शेवटी मी अंदाजाने दाबत होतो, आणि एका पत्रिकेत नवरीच्या सख्ख्या आजोबांना 'दादासो.' करून बसलो. ते स्वतः आले नाहीत, निरोप आला. निरोप इथे लिहिण्यासारखा नाही.

अंगठ्याच्या दांडीवर मी बच्चेकंपनीची ओळ ठेवली होती: 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!' अंगठा तिथे आयताच टेकलेला असतो, म्हणून. अंगठा तिथे नेहमीच टेकलेला असतो, हा विचार गंधमुक्तीच्या, म्हणजे माणूस गेल्यानंतरच्या विधीच्या, पत्रिकेपर्यंत माझ्या डोक्यात आला नाही. शोकाकुल कुटुंबाची नावं संपली, खाली दांडीला जरा धक्का लागला असणार. प्रूफ वाचायला मोठा मुलगा बसला होता. डोकं भादरलेलं, चष्मा कपाळावरून खाली घेतलेला, प्रत्येक ओळीखाली बोट. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. बराच वेळ थांबलं.

"भाऊ," तो शांतपणे म्हणाला, "हाई लगीन कोनं शे?"

मी कागद हिसकावून फाडला, माफी मागितली, त्या पत्रिकेचे पैसे घेतले नाहीत. तो जाताना दारात थोडा हसला असं मला वाटतं. पण माझी बायको म्हणते की मला हल्ली वाटेल ते वाटतं.

हिशोब तिनेच केला. "अहो, एका बटणामागे किती वाचतं?" अर्धा सेकंद, मी म्हटलं. "दिवसाला किती वेळा?" दोनशेक. तिने बोटांवर मोजलं: शंभर सेकंद. "आणि तुम्ही अकरा रात्री जागलात." तिला शेवभाजीत रस्सा वाढायचा होता, म्हणून तिने गुणाकार अर्धवट सोडला.

बत्तिशी आता काउंटरच्या कडेला असते. आईबाप प्रूफ वाचतात तोवर त्यांची पोरं तिच्यावर रंग पेटवत बसतात. पण मी तिची वायर काढलेली नाही. त्यातला तो पहिला मॅक्रो अजून तसाच आहे. चहा आला की मी बटण दाबतो, पडद्यावर 'आमचे येथे' येतं, यंत्र थांबतं, आणि मी डाव्या हातात कप घेतो. शेवटचा घोट होईपर्यंत 'श्रीकृपेकरून' उमटलेलं असतं.