बिनपगारी प्रयुक्त

ज्या घरात मानसशास्त्र घेऊन टी. वाय. करणारी मुलगी असते, त्या घरातल्या माणसांना खाजगी मन म्हणून काही उरत नाही. सगळं जर्नलमध्ये जातं. आमची पुतणी कॉलेजसाठी आमच्याकडे राहते. प्रॅक्टिकलच्या भाषेत ती प्रयोगकर्ती आणि मी प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो. वहीत प्रयुक्ताचं नाव लिहीत नाहीत. आद्याक्षरं, वय, शिक्षण आणि 'प्रयुक्ताची मानसिक अवस्था' एवढंच. हा शेवटचा रकाना ती मला विचारून भरत नाही. काकूला विचारून भरते.

पहिला तडाखा स्ट्रूपचा. 1935 साली जॉन रिडली स्ट्रूप नावाच्या अमेरिकन गृहस्थाने रंगांची नावं भलत्याच रंगाच्या शाईत छापून लोकांपुढे धरली. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत, 'पिवळा' निळ्या शाईत. शब्द वाचायचा नाही, फक्त शाईचा रंग सांगायचा. ऐकायला किती सोपं! पण वाचायची सवय हाडीमांशी खिळलेली असते. डोळा शब्द वाचून मोकळा होतो आणि रंग बिचारा घशातच अडकतो. "ला... हिरवा. पिव... नाही नाही, निळा." समोर पुतणी मोबाईलवरचं स्टॉपवॉच धरून, चेहऱ्यावर डॉक्टरी सहानुभूती.

त्याच तक्त्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या तमिळ मामी आल्या आणि झरझर रंग सांगून चहा पिऊन गेल्या. मामी मराठी छान बोलतात, पण अक्षर त्यांना लागत नाही. सोसायटीची नोटीस आली की माझ्याकडून वाचून घेतात. पुतणीने मला समजावलं, की अडथळा वाचनाचा आहे, ज्याला लिपी येत नाही त्याला अडथळाच नाही, उलट तुमचा निकाल अगदी पुस्तकाबरहुकूम आलाय. पण जिन्यावरून जी बातमी खाली उतरली ती एवढीच, की मामी पास झाल्या आणि बँकेतून रिटायर झालेले काका नापास. स्ट्रूपसाहेब पुढे प्रयोगबियोग सोडून बायबल शिकवत बसले. प्रायश्चित्तच असणार.

खरी गोम या पास-नापासात आहे. आपल्याकडे समोर कागद आला की माणूस परीक्षेला बसतो. पुतणी घसा फोडून सांगते, "काका, यात बरोबर-चूक काही नसतं." काकू स्वयंपाकघरातून विचारते, "मग त्यांचे किती आले?" यावरही संशोधन झालेलं आहे. मार्टिन ऑर्न यांनी 1962 साली मांडलं, की प्रयुक्त काही गप्प बसलेला दगड नसतो. प्रयोगकर्त्याला काय हवंय याचा अंदाज बांधून तो तसं वागू बघतो. त्यांनी लोकांना बेरजांचे ढीगभर कागद दिले. कागद सोडवायचा, मग त्याचे किमान 32 तुकडे करून टाकायचे, की पुढचा कागद. वाटलं होतं, लोक चिडून उठून जातील. लोक तासन्‌तास बेरजा करत आणि फाडत राहिले. पुतणीला हे भयंकर आश्चर्याचं वाटतं. मी जन्मभर बँकेत काढलेली असल्यामुळे यात प्रयोग नेमका कुठला, हेच मला कळलं नाही.

माझंही तेच व्हायला लागलं. पाठांतराच्या प्रयोगात मला शोध लागला, की मी चुकीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं की पुतणीची डावी भुवई वर जाते. मग काय, भुवई बघून मी उत्तरं बदलायला लागलो. निकाल दृष्ट लागण्यासारखे आले. तिच्या मॅडमना संशय आला आणि त्यांनी तिला बर्लिनच्या हान्स घोड्याची गोष्ट सांगितली. हा घोडा टापा आपटून गणितं सोडवायचा. 1907 साली ऑस्कर फुंग्स्टने दाखवून दिलं, की घोड्याला गणित येत नव्हतं; विचारणाऱ्याच्या अंगातली बारीकशी हालचाल ओळखून तो टाप थांबवायचा. तेव्हापासून पुतणी माझ्या पाठीमागे बसते. घरात माझं नाव काय पडलं ते सांगत नाही.

हे सगळं उंबऱ्याच्या आत होतं तोवर ठीक होतं. मग आला प्रोजेक्ट : गाणी ऐकत पाठांतर केलं तर स्मरणावर परिणाम होतो का? तिचा पहिला बेत असा, की ए विंगला गाणी आणि बी विंगला शांतता. मॅडमनी काट मारली. ए विंगमध्ये सगळे पेन्शनर, बीमध्ये भाड्याने राहणारी तरुण पोरं. फरक निघालाच तर तो गाण्याचा की वयाचा, कसं ठरवणार? सबब चिठ्ठ्या. स्टीलच्या डब्यात घालून, हलवून, प्रत्येकाने एकेक उचलायची.

सोसायटीच्या सेक्रेटरींना 'शांतता' आली. ज्या गटाशी तुलना करायची, त्या बिनगाण्याच्या गटाला नियंत्रित गट म्हणतात. "म्हणजे मी नियंत्रित गटात? मी? इथलं नियंत्रण मी करतो!" त्यांनी संमतिपत्र चष्मा पुसून दोनदा वाचलं, 'कधीही माघार घेता येईल' या ओळीखाली रेघ मारली आणि झेरॉक्स मागितली. 'गाणी' आलेल्या एका आजींना गाणी त्यांच्या पसंतीची हवी होती. सगळ्यांना एकच गाणी असतील, हे ऐकून त्यांनी चिठ्ठी परत डब्यात टाकली. शांतता गट क्लबहाउसमध्ये शब्दांची यादी घेऊन बसला आणि वरच्या फ्लॅटमध्ये ड्रिल सुरू झालं. पुतणी वर धावली. मिस्त्री म्हणाला, "पाचच मिनिटं, ताई." यादी पाठ करायला दिलेला वेळही तेवढाच होता.

तो गट दुसऱ्या दिवशी नव्या यादीवर पुन्हा बसवावा लागला. मग मॅडम म्हणाल्या, नवी यादी का, दोन्ही गटांना एकच हवी. मग गाणीवालेही पुन्हा बसले. शेवटी टी-टेस्ट, म्हणजे दोन गटांच्या सरासरीतला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकतो का हे बघणारी आकडेमोड, झाली आणि दोन गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. पुतणी हिरमुसली, पण वहीत खरं तेच लिहिलं.

चार दिवसांनी बोर्डावर सेक्रेटरींच्या सहीची नोटीस लागली : 'कॉलेजच्या संशोधनातून सोसायटीच्या सभासदांत कोणताही फरक नसल्याचे सिद्ध झाले आहे, सबब पार्किंग शुल्क दोन्ही विंगना समान राहील.' मामींनी ती माझ्याकडून वाचून घेतली. पुतणी तणतणत सेक्रेटरींच्या दारात गेली. "अहो काका, फरक सापडला नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही!"

"बरोबर आहे तुझं," सेक्रेटरी म्हणाले. "जनरल बॉडीत मांड."