किती टनांचा देऊ?

माझी साडेतीनशे सीसीची, 195 किलो वजनाची मोटारसायकल डबल स्टँडवर चढवली की मागचे चाक आपोआप उचलले जाते. पुढचे मात्र जमिनीवरच राहते, आणि कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, ढिला झाला आहे की नाही हे पाहायचे तर नेमके तेच अधांतरी हवे असते. यावर परंपरागत उपाय असा, की घरातील सर्वांत वजनदार व्यक्तीस मागच्या सीटच्या टोकाला बसवावे. आमच्याकडे हा मान मेव्हण्याकडे जातो. तो बसताच पुढचे चाक निमूटपणे वर येते, पण "दाजी, चहाचं काय झालं?" असे विचारत तो स्वयंपाकघराकडे वळला, की गाडीही त्याच्याबरोबर तिकडे वळू लागते. तेव्हा घरी जॅक हवा, हे उघडच होते.

नाना पेठेतल्या दुकानदाराने पहिलाच प्रश्न केला, "किती टनांचा देऊ?" गाडी पाव टनाचीही नाही हे मी सांगितल्यावर त्याने दोन टनांचा बाटली जॅक पुढे केला आणि हा ट्रकही उचलेल, अशी ग्वाही दिली. ट्रकची गोष्ट निराळी. त्याचे एक चाक उचलले तरी बाकीची जमिनीवर असतात; मोटारसायकलला असा आधार नाही, आणि या जॅकचे डोके जेमतेम पाच रुपयांच्या नाण्याएवढे. शिवाय इंजिनाच्या पोटाखाली ऑइल सोडण्याचा नट असतो; सारा भार त्यावर आला, तर अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगला तडा जाण्यास वेळ लागत नाही. मागच्या चाकाचा पॅडॉक स्टँड तर, जे काम डबल स्टँड फुकट करतो, तेच मागचे चाक उचलण्याचे पैसे मागतो.

मग रुंद बैठकीचा, रबर लावलेल्या दोन आडव्या पट्ट्यांचा हायड्रॉलिक जॅक निघाला. दिसायला देखणा होता. परंतु आतले सील झिजले की तेल पाझरते आणि जॅक कोणालाही न विचारता खाली बसू लागतो, हे ठाऊक असल्याने मी दुकानातल्या पोऱ्याला त्यावर उभे केले, पट्टीच्या उंचीवर भिंतीला पेन्सिलची खूण केली आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत पट्टी खुणेच्या बोटभर खाली आली होती. दुकानदाराचे म्हणणे, पोऱ्या हलला.

अखेर तशाच बैठकीचा, पण पान्याने फिरवायचा कैची जॅक निवडला. त्यात तेल नाही. स्क्रूचे आटेच भार धरून ठेवतात, त्यामुळे पाना उलटा फिरवल्याखेरीज तो उतरत नाही. उचलायला वेळ लागतो खरा, पण मला घाई नव्हती. जॅक घरी कसा न्यायचा, या विचाराने मी त्याचे वजन विचारले. "अगदी हलका आहे हो, साहेब," असे म्हणून दुकानदाराने तो माझ्या हाती देण्यासाठी पोऱ्याला मदतीला हाक मारली.